चाकावाचून मडके

मंडळी, कुंभार म्हटला की चाक आलेच. काठीने चाकाला गती द्यायची, मधोमध मातीचा गोळा ठेवायचा आणि बोटांनी भिंत वर उचलायची, हे आपण लहानपणापासून बघत आलो. पण चाक मुळीच न वापरता गोल गरगरीत मडकी घडवणारे एक गाव आहे. ते व्हिएतनामच्या दक्षिणेस, समुद्रकाठच्या फान रांग शहराजवळ. नाव बाऊ त्रुक. वस्ती चाम लोकांची.

व्हिएतनाममध्ये अशी गावे आणखीही आहेत. हनोईजवळचे बात त्रांग तर फार नावाजलेले. पण तिथली भांडी झिलईची, भट्टीत भाजलेली. बाऊ त्रुकची तऱ्हाच निराळी.

इथे मडके घडवते ती बाई. जवळच्या क्वाओ नदीकाठची चिकणमाती आणायची, वाळवून फोडायची, भिजत घालायची आणि नदीचीच बारीक वाळू घालून पायांनी तुडवायची. आपला कुंभार मातीत राख किंवा घोड्याची लीद मिसळतो ना, तसेच हे. नुसती चिकणमाती आगीत तडकते. वाळूने ती तग धरते.

मग गोळा एका उंच बैठकीवर ठेवतात. आता गंमत बघा. बैठक हलत नाही, बाईच फिरते, आणि तीही उलटी. पाठीमागे एकेक पाऊल टाकत ती गोळ्याभोवती गोल गोल जाते. एक हात आत, एक बाहेर. मातीच्या वळ्या चढवीत भिंत उंच होते. बांबूच्या कड्याने ती खरवडायची, ओल्या फडक्याने काठ गुळगुळीत करायचा. तिचे पाय हेच चाक म्हणा ना! चाकाला एकदा वेग दिला की पुष्कळ काम तो वेगच करतो. इथे पाऊल आणि हात यांचा मेळ दर क्षणी नव्याने साधावा लागतो. त्यामुळे दोन मडकी तंतोतंत सारखी निघत नाहीत.

भाजणीलाही भट्टी नाही. उघड्यावर लाकडे आणि भाताचा पेंढा रचून सात-आठ तास आग. उष्णता ८०० अंश सेल्सियसच्या आसपास. ज्योत लागेल तसा रंग: कुठे पिवळसर गुलाबी, कुठे काळपट, कुठे तपकिरी पट्टे. झिलई नसते.

या चाम लोकांचे प्राचीन राज्य चंपा. तिथे शिवाची देवळे होती, संस्कृत शिलालेख कोरले गेले. फान रांगजवळच्या पो क्लोंग गराईच्या विटांच्या देवळात आजही पूजा चालते. हे ऐकून कुंभारकामही आपल्याकडूनच गेले असावे, असे म्हणायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. चाम भाषा मलायी भाषेच्या कुळातली आहे. शिवाय आपल्याकडे माती मळायला आणि मडकी वाळवायला बायका असतात, पण चाकावर बसतो तो बहुधा पुरुष. तिकडे घराणे आईकडून चालते, घर लेकीकडे जाते, आणि त्याबरोबर हे कामही. पुस्तक नाही, वर्ग नाही; आईशेजारी उभे राहून हात बसवायचा. शिक्षक बंधु-भगिनींना यातली अवघड बाजू लगेच उमगेल. लेक उभी राहिली नाही, की विद्या तिथेच थांबली.

आणि नेमके तेच होऊ लागले आहे. २०२२ साली युनेस्कोने चाम लोकांची ही कला, तातडीने जपणूक हवी अशा वारशांच्या यादीत घातली. कारणे साधी आहेत. शहर पसरते तशी गावातली मोकळी जागा आणि मातीची शेते आक्रसतात. बाजाराशी जमवून घेणे साधत नाही. तरुण पिढीला गोडी उरलेली नाही. पाहुण्यांसाठी शोभेच्या वस्तू होतात, त्यांना गिऱ्हाईक मिळते. पण पाणी भरायचा रांजण आणि भाताचे मडके घडवायला जो सराव लागतो, तो फुलदाणीने राहील का, हा प्रश्नच आहे. यादीत नाव आले म्हणून नदीकाठची माती वाढत नाही. ती माती तुडवायला पहाटे कोण उठणार, हे त्या घरातल्या मुलींनाच ठरवायचे आहे.