इंजिनाचा ध्वनी व दोषनिदान

यंत्र न उघडता त्याच्या अंतर्भागातील बिघाड ओळखणे ही मूलतः चिन्हावरून अर्थ निश्चित करण्याची क्रिया होय. चंद्रपूर जिल्ह्यात व १९८२ साली त्यातून निराळ्या झालेल्या गडचिरोलीत तिचे महत्त्व विशेष आहे. भामरागडच्या किंवा सिरोंच्याच्या अरण्यमार्गावर मालमोटारीचे इंजिन ठोके देऊ लागले, तर गाडी सावकाश शहरापर्यंत न्यावी की जागीच उभी करावी, हे त्या ध्वनीच्या अर्थावर ठरते.

टॅपेटची टकटक हलकी असते व क्रँकच्या निम्म्या गतीने होते. कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्ट एकदाच फिरतो. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका जड असून भार पडताच वाढतो. तथापि केवळ कानावर विसंबणे इष्ट नव्हे. मिस्त्री एकेका सिलिंडरचे इंधन अथवा ठिणगी क्षणभर बंद करतो. ज्याच्या वेळी ठोका मंदावतो, तेथे दोष असण्याचा संभव अधिक. पेट्रोल इंजिनात एखाद्या सिलिंडरचा दाब कमी भरल्यास प्लगच्या छिद्रातून थोडे तेल सोडून तो पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजलेल्या; न वाढला तर व्हॉल्व्ह वा गॅस्केट संशयास्पद.

'काल' व 'गाल' यांत एकच वर्ण बदलून अर्थभेद तपासण्याची भाषाशास्त्राची रीतही हीच. चिन्ह एकटे बोलत नाही, भेदातून बोलते. टकटक टॅपेटची असून तेलाचा दाब ठीक असेल, तर गाडी जपून नेता येते. बेअरिंगचा ठोका असेल तर मात्र थांबावे. पुढील प्रत्येक किलोमीटर क्रँकच्या नाशाला कारण होऊ शकतो.