बिबट्याचा खर्च कोणाच्या खाती?

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील पिंपरखेड आणि आसपासच्या गावांतील काही छायाचित्रे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. शेतात काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या गळ्यात अणकुचीदार खिळे बसविलेले पट्टे त्यांत दिसत होते. असे पट्टे मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात फार पूर्वीपासून घालीत आले आहेत. श्वापदाने मान धरली तर खिळे त्याच्या जबड्यात रुतावेत, हा त्यामागील हेतू. कुत्र्याच्या गळ्यातील हा पट्टा माणसाने स्वतःच्या गळ्यात घालावा, अशी वेळ महाराष्ट्रातील एका बागायती, सधन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशावर आली. त्याआधीच्या तीन आठवड्यांत या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला होता. त्यांत दोन मुले होती आणि एक वृद्धा होती. संतप्त ग्रामस्थांनी मंचर येथे पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. पुढे वनखात्याच्या नेमबाजांनी एक बिबट्या ठार केला. पिंपरखेड शिरूर तालुक्यात असले तरी ते आंबेगावच्या सीमेजवळचे गाव आहे. आणि जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे चारही तालुके वनखात्याच्या जुन्नर विभागातच मोडतात. तेव्हा हा प्रश्न एका गावाचा नाही.

जपानमध्ये २००९ ते २०२१ या काळात हाजिमे इसायामा यांची ‘अटॅक ऑन टायटन’ ही चित्रकथा एका मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. आपल्याकडील तरुण पिढीतही तिचे वाचक पुष्कळ आहेत. जगबुडीतून वाचलेली मानवजात तीन प्रचंड तटांच्या आत कोंडून राहते आणि तटांबाहेर नरभक्षक महाकाय राक्षस हिंडत असतात, अशी तिची सुरुवात आहे. कथा पुढे सरकते तेव्हा उलगडते ते असे की, हे राक्षस कोठून बाहेरून आलेले नसून माणसांपासूनच माणसांनी बनविलेले आहेत. जुन्नर-आंबेगावच्या आजच्या स्थितीशी या कथेची तुलना करण्याचा मोह कोणालाही होईल. घरांभोवती जाळ्या, दिवेलागणीनंतर ओस पडणारे रस्ते आणि गळ्यात खिळ्यांचे पट्टे हे सारे त्या तटांच्या आतील जीवनासारखेच आहे. तथापि बिबट्या राक्षस नाही. तो भूक भागविणारा आणि पिल्ले वाढविणारा एक सावध प्राणी आहे, आणि बहुतेक वेळा माणसाला टाळूनच तो जगतो. तुलना लागू पडते ती कथेच्या उत्तरार्धाशी. ज्याच्यापासून आज माणूस स्वतःला कोंडून घेत आहे, ते संकट त्याच्याच व्यवहारातून कसे निर्माण झाले, हे पाहिल्याखेरीज उपाय सापडणार नाही.

उसाचे रान

या दोन तालुक्यांची पश्चिम बाजू सह्याद्रीची, मुसळधार पावसाची आणि भीमाशंकरच्या जंगलाची. पूर्व बाजू मात्र एके काळी बाजरी-मटकीची, पावसाच्या भरवशावर जगणारी. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कुकडी प्रकल्पाने हे चित्र पालटले. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांचे पाणी कालव्यांतून खाली उतरले आणि कोरडवाहू रानांवर ऊस उभा राहिला. जुन्नर तालुक्यात विघ्नहर आणि आंबेगाव तालुक्यात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. घरे पक्की झाली, मुले शिकली, दुष्काळात गाव सोडून जाण्याची वेळ पुष्कळांवरून टळली. हे यश लहान नाही, आणि ते नाकारून कोणतीही चर्चा प्रामाणिकपणे करता येणार नाही.

परंतु पाण्याने जे माणसासाठी केले, तेच त्याने बिबट्यासाठीही केले. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो, सुरू ऊस बारा महिने. त्यानंतर खोडवा येतो. एक फड तुटला तरी शेजारचा उभाच असतो. दाट सावली, जवळच पाटाचे पाणी, वस्तीवर कुत्री, गोठ्यात वासरे, बांधावर शेळ्या. बिबट्याला याहून अधिक काय हवे? मादी उसातच विते. तोडणीच्या हंगामात सरीत पिल्ले सापडतात, हा अनुभव आता या भागात नित्याचा झाला आहे. ज्या जनावराचा जन्मच उसात झाला, ते ‘जंगलातून वाट चुकून आले’ असे म्हणण्यात अर्थ नाही. त्याने जंगल पाहिलेलेच नसते.

लगतच्या अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासाने याला पुष्टी दिली आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दाट वस्तीच्या, शेतीच्या प्रदेशात कॅमेरे लावून बिबट्यांची मोजणी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे आढळले. विष्ठेच्या परीक्षणावरून असेही दिसले की, वजनाने पाहता त्यांच्या आहारातील सुमारे ८७ टक्के वाटा पाळीव व वस्तीच्या आश्रयाने राहणाऱ्या जनावरांचा होता, आणि त्यांत एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. म्हणजे बिबट्या आज ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या आतच राहतो आणि तिच्यावरच पोसला जातो.

पिंजऱ्याची मर्यादा

बिबट्या दिसला की पिंजरा लावा आणि त्याला दूर नेऊन सोडा, ही मागणी स्वाभाविक आहे. हा प्रयोग याच भूमीवर होऊन गेला आहे. २००१ नंतरच्या काही वर्षांत जुन्नर विभागात अनेक बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा हिशेब मांडलेला आहे. हा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. त्या काळात ते १७ वर गेले, आणि हल्ल्यांपैकी प्राणघातक ठरणाऱ्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोचले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, आपल्या मूळ ठिकाणाकडे परतू पाहते, आणि वाटेत ज्या गावांना बिबट्याची सवय नाही तेथे अनर्थ घडतो. इकडे मोकळ्या झालेल्या जागेवर दुसरा तरुण बिबट्या येऊन राहतो. पकडलेल्या सर्वांना माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात जन्मभर ठेवावे म्हटले, तर तेथील जागेलाही सीमा आहे.

याचा अर्थ माणसावर चाल करून येणाऱ्या जनावराला अभय द्यावे असा मुळीच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. पण मानवी जीवितास धोका ठरलेल्या जनावराला पकडण्याचा, आणि ते अशक्य झाल्यास ठार करण्याचा आदेश देण्याचा अधिकारही त्याच कायद्याने मुख्य वन्यजीव रक्षकांना दिला आहे. ज्या आईबापांचे मूल अंगणातून उचलले गेले, त्यांना निसर्गसाखळीचे धडे शहरातून देणे हे क्रौर्य आहे. धोकादायक जनावराचा बंदोबस्त तत्परतेने झालाच पाहिजे. परंतु आसरा आणि अन्न जोवर तसेच आहे, तोवर एकाच्या जागी दुसरे जनावर येत राहणार. पिंजरा आणि बंदूक ही आगीच्या बंबासारखी साधने आहेत. बंब हवाच, पण केवळ बंबाच्या भरवशावर कोणी गवताच्या गंजीत चूल मांडीत नाही.

नफा एकाचा, जोखीम दुसऱ्याची

अर्थशास्त्रात खासगी खर्च आणि सामाजिक खर्च असा भेद करतात. कारखान्याच्या धुराड्यातून निघणाऱ्या धुराने शेजाऱ्यांचे कपडे, घरे आणि फुप्फुसे काळवंडतात. पण हा खर्च मालाच्या किमतीत कोठेच दिसत नाही, हे आर्थर पिगू यांनी १९२० मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिले. उसाच्या बाबतीत बियाणे, खत, पाणीपट्टी, तोडणी आणि वाहतूक यांचा हिशेब पैशापर्यंत होतो. उसाबरोबर आलेल्या बिबट्याचा खर्च मात्र कोणत्याही खतावणीत सापडत नाही. तो नाहीसा झालेला नसतो. ज्याच्या हाती हिशेबाची वही नाही, त्याच्या माथी तो पडलेला असतो.

या खर्चाचा भार कोणावर पडतो, ते पाहावे. बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून आलेला तोडणी कामगार फडाच्या कडेला पाचटाची कोपी घालतो. तिला दार नसते. पहाटेच्या अंधारात आईबाप कोयता घेऊन निघतात आणि लहान मूल बांधावर झोळीत राहते. धनगर मेंढ्यांचा वाडा उघड्या रानात बसवितो आणि त्याची पोरे मेंढ्यांशेजारीच झोपतात. शेतमजूर स्त्री ओणवी होऊन खुरपते तेव्हा दबा धरलेल्या जनावराला ती माणूस म्हणून दिसत नाही. घरात शौचालय नाही त्या बाईला अंधारातच परसाकडे जावे लागते. लहान शेतकऱ्याला शेतीपंपाची वीज दीर्घकाळ पाळीने, आठवडाआड रात्रीची मिळत आली. मध्यरात्री उठून, हातात बॅटरी धरून, उसात दारे धरण्यावाचून त्याला गत्यंतर नसे. यांपैकी कोणीही साखरेच्या दराच्या चर्चेत नसतो. साखर पोत्यात भरून शहरात जाते आणि तिच्याबरोबर तिचा लाभही पुष्कळ दूरवर वाटला जातो. जोखीम मात्र कोपीच्या दाराशीच राहते.

शासन काहीच करीत नाही असे नाही. माणूस दगावल्यास वारसांना २५ लाख रुपये देण्याची तरतूद आहे, आणि गुरे मारली गेल्यास भरपाई आहे. पण ही सारी रक्कम घटना घडून गेल्यानंतरची आहे, आणि ती सर्वसाधारण करदात्याच्या पैशातून येते. जीव जाण्यापूर्वी तो वाचविण्यासाठी ठरलेला, कायमचा आणि उसाच्या व्यवहाराशी जोडलेला पैसा कोठे आहे, हा खरा प्रश्न आहे.

टनामागे पाच रुपये

ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये घेण्याचे तत्त्व महाराष्ट्राने स्वीकारलेले आहे. त्याच धर्तीवर जुन्नर विभागातील गाळपावर टनामागे ५ रुपयांचा सुरक्षा निधी उभारता येईल. एखाद्या कारखान्याने हंगामात १० लाख टन ऊस गाळला, असे उदाहरणादाखल धरले, तर ५० लाख रुपये जमतात. शासनाने तेवढीच भर घातल्यास एक कोटी. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये हा रास्त व किफायतशीर दर ठरविला. त्या मानाने पाहता हा भार सुमारे सातशे रुपयांमागे एक रुपया इतकाच आहे.

या निधीतून करण्याजोगी कामे साधी आहेत. तोडणी टोळ्यांसाठी उसापासून दूर, कुंपण घातलेले, दिवा आणि शौचालय असलेले मुक्कामाचे तळ. त्यांच्या मुलांसाठी दिवसभराची पाळणाघरे. लहान शेतकऱ्यांच्या गोठ्यांना बंद होणारी दारे. मेंढपाळांना वाहून नेता येईल अशा जाळ्या. आणि प्रत्येक गावात प्रशिक्षित तरुणांचे पथक. घर आणि शाळा यांच्या चहूबाजूंनी उसाऐवजी कमी उंचीचे पीक घेणाऱ्याला त्याच्या तोट्याची भरपाई देता येईल. भटक्या कुत्र्यांचा आणि मेलेल्या गुरांच्या विल्हेवाटीचा बंदोबस्त ग्रामपंचायतींना करता येईल. विजेचे काम मात्र शासनाचेच. २०१७ पासून सुरू असलेल्या सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देशच शेतीला दिवसा वीज देणे हा आहे. राज्यात तिचा अग्रक्रम ठरविताना बिबट्यांचे तालुके पहिले असावयास हवेत. मादी बिबट्यांच्या प्रजनन-नियंत्रणाचा विचारही झाला आहे. तो शास्त्रीय कसोटीवर अवश्य तपासावा. पण त्याचे फळ मिळावयास वर्षे लागतील, आणि कोपीला दार आजच हवे आहे.

आधीच खत, मजुरी आणि थकलेली बिले यांखाली दबलेल्या ऊस उत्पादकावर आणखी एक कपात लादणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येईल. तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. पण हा शेतकरी आजही किंमत मोजतोच आहे. संध्याकाळी मजूर मिळत नाहीत, वासरू जाते, मुलांना शाळेत पोचवायला घरातील एक माणूस अडकून पडतो. ही किंमत विस्कळीतपणे आणि भीतीच्या रूपाने मोजण्याऐवजी एकत्र आणि विचारपूर्वक मोजावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे. शिवाय सहकाराचा मूळ अर्थच असा आहे की, एकट्याला न पेलणारी जोखीम सर्वांनी मिळून उचलावी. लाभाच्या वाटपात सभासद एकत्र येतात; मग संकटाच्या वाटपात कोपीतल्या माणसाला एकटे का सोडावे?

याच तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजांत वाघोबाला देव मानण्याची परंपरा आहे. वाघबारशीला रानात जाऊन त्याला नैवेद्य दाखवितात आणि गुरांचे, गुराख्यांचे रक्षण करण्याचे साकडे घालतात. या प्रथेत भाबडेपणा पाहण्यापूर्वी तिच्यातील व्यवहार पाहावा. शेजारी वाघ आहे हे त्या माणसांनी मान्य केले होते, आणि त्याच्या नावाने दरसाल आपल्या घासातला काही भाग बाजूला काढण्याची जबाबदारी साऱ्या वस्तीने मिळून घेतली होती. धरणांच्या खालच्या बागायतीत शेजार तोच आहे. बाजूला काढण्याची रीत मात्र राहिली नाही.

दर हंगामात फड तुटू लागतो आणि सरीत डोळे न उघडलेली पिल्ले सापडतात. वनखात्याची माणसे आणि प्राणिवैद्य ती टोपलीत घालून त्याच जागी ठेवतात, आणि पुष्कळदा मादी रात्री येऊन त्यांना उचलून नेते. तेथून हाकेच्या अंतरावर, दार नसलेल्या कोपीत, दुसरी एक आई आपले मूल कुशीत घेऊन झोपलेली असते. पिल्लांच्या रात्रीची व्यवस्था लावण्याइतके शहाणपण या भागाने कमावले आहे. त्या मुलाच्या रात्रीची व्यवस्था पुढच्या गाळपापूर्वी लागावी, यासाठी ना नव्या कायद्याची गरज आहे, ना नव्या संशोधनाची. कारखान्यांच्या वार्षिक सभांत एक ठराव मांडला गेला, तरी प्रारंभ होऊ शकेल.