अस्सल गाडी कशाला म्हणायचं?

'मोटर ट्रेंड' हे अमेरिकी मासिक सप्टेंबर १९४९मध्ये निघालं आणि दुसऱ्याच अंकाच्या मुखपृष्ठावर एक अजब गाडी झळकली. लांबी साडेसतरा फूट, उंची जेमतेम ४७ इंच. दारं नाहीतच, बसायचं तर कडेवरून पाय टाकून आत उतरायचं. चालकाची जागा बरीच पुढे आणि त्याच्या पाठीमागे निमुळती होत गेलेली, मागची चाकं पार झाकून टाकणारी लांबलचक शेपटी. कुठल्याही कंपनीच्या यादीत ही गाडी नव्हती. नॉर्मन टिम्ब्स नावाच्या अभियंत्यानं ती स्वतःसाठी घडवली होती आणि तशी दुसरी कधी झाली नाही.

दहा हजार डॉलरची हौस

टिम्ब्स या क्षेत्रातला मुरलेला माणूस होता. 'ब्लू क्राउन स्पेशल' गाड्यांनी इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत १९४७, १९४८ आणि १९४९ अशी सलग तीन वर्षं जिंकली. त्यांच्या रचनेत टिम्ब्सचा हात होता. स्वतःच्या गाडीसाठी मात्र त्याची नजर १९३०च्या दशकातल्या जर्मन 'ऑटो युनियन' गाड्यांवर गेली. त्यांचं इंजिन चालकाच्या पुढे नसून मागे असे. टिम्ब्सनंही पोलादी नळ्यांची चासी बांधून ब्यूइकचं, एका रांगेत आठ सिलिंडर असलेलं इंजिन चालकामागे बसवलं. इंजिनापर्यंत पोचायला शेपटीचा अख्खा पत्रा हायड्रॉलिकच्या जोरावर एकसंध वर उचलला जाई. ही मांडणी काळाच्या किती पुढची होती? इंडियानापोलिसला मागे इंजिन असलेली गाडी पहिल्यांदा जिंकली ती १९६५ साली, जिम क्लार्कची लोटस.

अडीच-तीन वर्षांच्या खटपटीत दहा हजार डॉलर खर्च झाल्याचं तेव्हा छापून आलं होतं. साधी शेव्हरोले दीड हजाराच्या आसपास मिळायची ते हे दिवस. दहातले आठ हजार एकट्या बॉडीवर गेले. ती घडवणारा एमिल डीट हा शर्यतीच्या गाड्यांचं पत्रेकाम करणारा नावाजलेला कारागीर होता.

हा पैसा कशाचा, ते कळायला अशा कामाची रीत पाहायला हवी. आधी गाडीच्या खऱ्या मापाचा लाकडी सांगाडा उभा करतात. मग ॲल्युमिनियमचा पत्रा मऊ करायचा. त्यासाठी धुरकट ज्योतीनं पत्र्यावर काजळी धरतात, नंतर ज्योत निवळ करून तीच काजळी हलक्या हातानं जाळत जातात. काजळी उडाली की थांबायचं. क्षणभर जास्त रेंगाळलं तर पत्रा हातचा गेला, कारण ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. ते एकदम ढासळतं. मऊ पत्रा वाळूच्या पिशवीवर ठोकून खोलगट करायचा, दोन चाकांच्या यंत्रातून मागे-पुढे फिरवून ठोक्यांचे डाग काढायचे, सांगाड्यावर ठेवून बघायचा, पुन्हा ठोकायचा. तुकडे झाले की सांधे जोडून कानशीनं घासायचे. शेवटी साडेसतरा फुटांवर कुठेही सांधा दिसता कामा नये.

वाळवंटातला मुक्काम

टिम्ब्सनं गाडी पुढे विकली. नव्याची नवलाई ओसरली, मालक बदलले. अखेर ती दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी पट्ट्यात वर्षानुवर्षं उघड्यावर पडून राहिली. २००२ साली लॉस एंजेलिसच्या पीटरसन वाहन संग्रहालयात झालेल्या लिलावात ती पुन्हा उजेडात आली. मलिबूच्या एका संग्राहकानं ती १७,६०० डॉलरना घेतली. मुखपृष्ठावर मिरवलेल्या गाडीची ही किंमत म्हणजे भंगाराच्या थोडी वर.

खरं आव्हान त्यानंतरचं. कंपनीच्या जुन्या गाडीचे सुटे भाग मिळतात, पुस्तिका असतात आणि अडलंच तर तशीच दुसरी गाडी शोधून मापं घेता येतात. इथे ब्यूइकच्या इंजिनाचं निभावलं, पण बॉडीसाठी यातलं काहीच हाताशी नव्हतं. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती करणाऱ्या संपादकांपुढे शेकडो हस्तलिखितं होती; एकात पान गळालं तर दुसरं साक्षीला यायचं. या गाडीची पोथी एकच आणि तीही फाटकी. साक्षीला होती ती मुख्यतः मासिकांतली कृष्णधवल छायाचित्रं.

हे काम कोलोरॅडोतल्या लव्हलँड गावच्या 'कस्टम ऑटो' या गॅरेजनं केलं. मार्च २०१०मध्ये फ्लोरिडातल्या अमेलिया आयलंडच्या प्रतिष्ठेच्या वाहनमेळ्यात ती गडद तांबूस रंगात उभी राहिली, तेव्हा मुखपृष्ठावरची गाडी साठ वर्षांनी लोकांनी पुन्हा धडधाकट पाहिली.

तळ्यातली बुगाटी

सापडलेली प्रत्येक गाडी अशी चकचकीत करावी का? त्याच सुमाराला युरोपात सापडलेल्या एका गाडीबाबत याचं अगदी वेगळं उत्तर दिलं गेलं. स्वित्झर्लंडमध्ये अस्कोना गावाजवळ मॅजोरे तळ्याच्या तळाशी १९२५ची एक बुगाटी होती. तिच्यावरची जकात न भरल्यामुळे १९३०च्या दशकात ती पाण्यात बुडवली गेली, अशी हकिगत सांगतात. जुलै २००९मध्ये स्थानिक पाणबुड्यांनी ती वर काढली. एक बाजू बरीचशी शाबूत, दुसरी गंजून गेलेली. मारहाणीत जीव गमावलेल्या गावातल्या एका तरुणाच्या स्मृतीसाठी निधी उभारायचा म्हणून ती २०१०च्या जानेवारीत पॅरिसला लिलावात काढली गेली. बोली २,६०,५०० युरोंवर गेली. कॅलिफोर्नियातल्या मलिन संग्रहालयानं तिला हात न लावता, गंजासकट मांडलं.

एकीकडे गंज पुसला, दुसरीकडे जपला. दोन्ही निर्णय मला बरोबर वाटतात. त्या जातीच्या बुगाटी इतरत्र आहेत. तळ्यातल्या गाडीचं मोल तिच्यावर जे गुदरलं त्यात आहे आणि त्याचा पुरावा म्हणजे तो गंज. टिम्ब्सच्या गाडीचं मोल तिच्या घाटात होतं. वाळवंटातली वर्षं हा तिच्या चरित्रातला दुर्लक्षाचा भाग. तो जपण्यासाठी घाट गमावणं हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला असता.

वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसची सनद झाली. तिच्या धर्तीवर जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघानं ट्यूरिनची सनद केली. तिचा रोख साधा आहे: जुनं शक्य तितकं राखा, जे बदलाल त्याची नोंद ठेवा, आणि नवं काय ते ओळखू येऊ द्या.

आगीनंतर

८ नोव्हेंबर २०१८ला कॅलिफोर्नियात 'वूल्झी' वणवा पेटला. त्यात सुमारे ९७ हजार एकर जळाले, सोळाशेहून अधिक इमारती गेल्या. मलिबूतल्या त्या संग्राहकाच्या गाड्याही आगीत सापडल्या आणि त्यांत टिम्ब्सची गाडी होती. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पेटत्या इमारतीतली उष्णता सहज त्यावर जाते. मागे राहिला तो चासीचा पोलादी सांगाडा आणि इंजिनाचा भाजलेला गोळा. तरीही ती पुन्हा उभी करायचं ठरलं.

आता प्रश्न जास्त टोकदार होतो. पहिल्या खेपेला डीटनं ठोकलेला पत्रा हाताखाली होता. जीर्णोद्धार करणारा त्याच्यावर काम करत होता. आगीनंतर पत्राच नाही. जे घडेल ते नव्या हातांचं. घाट परत आणता येतो, कारण २०१०मध्ये गाडी धडधाकट असल्यानं तिचे सगळ्या बाजूंनी रंगीत फोटो निघाले. पहिला जीर्णोद्धारच दुसऱ्याचा आधारग्रंथ झाला. पण डीटची कारागिरी परत येत नाही. त्याच्या ठोक्यांचा अंदाज, त्यानं सांधा कुठे घेतला, कुठे पत्रा ताणला, ही माहिती धातूतच लिहिलेली होती. ती वितळली.

म्हणून अशा गाडीला सरसकट 'अस्सल' म्हणणं मला पटत नाही आणि 'नक्कल' म्हणणंही. चासी टिम्ब्सची, रेषा टिम्ब्सची, पत्रा आजच्या कारागिराचा. हे तिच्याशेजारच्या फलकावर स्वच्छ लिहावं, त्या कारागिराच्या नावासकट. गाड्यांच्या इतिहासात मालकांची नावं पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, पत्रा ठोकणाऱ्याचं क्वचितच. डीटचं टिकलं, कारण दहातले आठ हजार त्याच्याकडे गेले हे कुणीतरी १९४९ साली छापून ठेवलं. पुढच्या अभ्यासकासाठी एवढी तजवीज आपणही करायला हवी.