जोड नाही, लाकूडच तुटलं!

घरात सागवानी टेबल आहे? मग त्याच्या वरच्या फळीवरच्या रेघा निरखून बघा. छान वळत वळत जाणाऱ्या रेघा एखाद्या ठिकाणी एकदम खंडित झाल्या, की समजा सांधा सापडला! दिसायला एकसंध असली, तरी ती फळी बहुधा चार-पाच बोटं रुंदीच्या पट्ट्या चिकटवून केलेली असते.

सबंध रुंद फळीच का नाही वापरत? एक तर तेवढं जाड झाड हवं. शिवाय कापलेलं लाकूडही हलतं बरं का! पावसाळ्यात हवेतला ओलावा पिऊन ते फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. लांबी जवळजवळ तेवढीच राहते, बदलते ती रुंदी. त्यामुळे रुंद फळी वाकते. म्हणून पुष्कळ सुतार एका पट्टीच्या टोकावर दिसणाऱ्या वर्तुळांची कमान वर, तर शेजारच्या पट्टीची खाली अशी मांडणी करतात. एक इकडे वाकली तर दुसरी तिकडे, आणि एकंदर फळी सपाट!

पट्ट्यांच्या कडा रंध्याने इतक्या सरळ करतात, की दोन्ही एकमेकींना टेकवून उजेडात धरल्या तर मधून तिरीपसुद्धा येत नाही. मग पांढरा फेव्हिकॉल लावून शिकंज्यात आवळतात. सांध्यातून पांढऱ्या थेंबांची रांग बाहेर डोकावते. मला हा क्षण फार आवडतो, कारण गोंद सगळीकडे पोचल्याची ती खूण!

हा गोंद म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण. ते उजेड चहूकडे विखुरतात, म्हणून गोंद पांढरा दिसतो. पाणी लाकडात मुरतं, हवेत उडतं. कण जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा अखंड, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा होतो.

तो किती घट्ट? चिकटवलेला तुकडा दुसऱ्या दिवशी हातोडीने तोडला, तर पुष्कळदा सांधा शाबूत राहतो आणि शेजारचं लाकूड फाटतं! लाकडाचे तंतू लांबीत भलतेच बळकट, पण त्यांची एकमेकांवरची पकड कमजोर. गोंदाची पकड तिच्याहून भारी ठरते. टोकाला टोक चिकटवलं तर मात्र सांधाच आधी सुटतो, कारण तिथे गोंदाची गाठ तंतूंच्या लांबीतल्या बळाशी पडते.

आता घासायचं. आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, 180, 220. नंबर मोठा तितके दाणे बारीक. प्रत्येक पेपर ओरखडेच काढतो, पण आधीच्याहून बारीक! शेवटी ते डोळ्यांना दिसेनासे होतात. घासण्याआधी फळीभर पेन्सिलीने गिरगटा. रेघोट्या राहिल्या तिथे हात पोचलेला नाही. घासायचं लाकडाच्या रेघांच्या दिशेनेच, आणि नाकाला मास्क हवाच, कारण ही भुकटी फुप्फुसांना वाईट.

गुळगुळीत फळीवर ओलं फडकं फिरवा आणि वाळू द्या. आता हात लावा: पुन्हा खरखरीत! दबलेले तंतू पाणी पिऊन उभे राहिले. पाण्यात कालवलेलं पॉलिश लावलं तरी ते असेच उठतात. म्हणून सुतार त्यांना आधीच मुद्दाम उठवतो आणि 220 च्या पेपराने हलकेच उडवून टाकतो.