गिऱ्हाईक कोणाचे?

लखनौच्या चौक बाजारात टांगलेला चिकनचा कुर्ता अनेकांच्या हातांखालून आलेला असतो. छिपी लाकडी ठशाने कापडावर कच्च्या निळीत नक्षी उठवतो. मध्यस्थ ते कापड काकोरी, मलिहाबादकडच्या खेड्यांत नेतो. तिथे बायका घरकाम उरकून त्यावर बखियाचे टाके घालतात, तांदळाच्या दाण्याएवढी मुर्री भरतात. शेवटी धोबी नीळ काढतो. ही पोटकंत्राटांचीच साखळी. तिच्यात व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक टिकले ते करारामुळे नव्हे. माल कुठे आणि कितीला विकला जातो, हे भरतकाम करणारीला कळतच नसे म्हणून. मजुरी तुटपुंजी राहिली, त्याचे हेही एक कारण. १९८४ मध्ये रुणा बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी ‘सेवा लखनौ’ ही संस्था उभी केली, मध्यस्थाला वगळून माल थेट प्रदर्शनांत नेला आणि हा आडपडदा फाटला.

आज तर तो कुठल्याच धंद्यात टिकत नाही. गिऱ्हाइकाचा नंबर मोबाइलवर सापडतो. मग काम बाहेर देताना करारात कलम घातले जाते : काम संपल्यावर दोन वर्षे आमच्या गिऱ्हाइकाकडे जायचे नाही. कागदावर हे भारदस्त दिसते, कोर्टात मात्र लटके पडते. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २७ धंद्याला आडकाठी करणारा करार रद्दबातल ठरवते. क्रिकेटपटू झहीर खान आणि परसेप्ट डीमार्क ही कंपनी यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच तत्त्व लावले. करार चालू असतानाचे वाजवी बंधन सहसा टिकते. गिऱ्हाइकांची यादी, भाव, नमुने गुप्त ठेवण्याची अटही टिकू शकते, पण नेमके काय गुप्त ते लिहिलेले हवे. नक्षी बाहेरच्या चित्रकाराकडून काढून घेतली, तर तिचा कॉपीराइट सहसा त्याचाच असतो. तो आपल्या नावे लेखी करून घ्यावा लागतो.

करार काहीही असो, कापडावर नीळ राहून गेली, तर गिऱ्हाईक धोब्याला शोधत नाही, दुकानदाराच्या गल्ल्यापाशी येते. म्हणून माल आपल्या नजरेखालून गेल्याशिवाय पाठवू नये आणि गिऱ्हाइकाशी बोलणे दुसऱ्यावर सोपवू नये. काम बाहेर दिले जाते, हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलेले बरे.

हिशेबाची ढिलाई मात्र सर्वांत महागात पडते. थकलेल्या बिलासाठी कारागीर थेट गिऱ्हाइकाचे दार ठोठावू लागला, की त्याला कोणत्या तोंडाने अडवणार? २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी मुदत ठरली असली तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.