मानेत गाठ नाही, मग शस्त्रक्रिया कशाला?

जिभेच्या कडेचा किंवा गालाच्या आतील कर्करोग प्राथमिक अवस्थेत असताना मूळ व्रणाबरोबर मानेतील लसिकाग्रंथीही काढाव्यात, असे शल्यविशारदाने सुचविले की रुग्णाचे आप्त हमखास विचारतात, 'हाताला गाठ लागत नाही, मग मान कशाला उघडायची? आली तर तेव्हा पाहू.' हा युक्तिवाद केवळ अज्ञानाचा नव्हे. खुद्द शल्यविशारदांतही यावर कित्येक दशके मतभेद होते, कारण अशा बहुसंख्य रुग्णांच्या ग्रंथी खरोखरच निर्दोष असतात. परंतु सुमारे ३० टक्क्यांच्या ग्रंथींत रोग सूक्ष्मरूपाने आधीच शिरलेला असतो आणि तो बोटांना, पुष्कळदा सोनोग्राफीलाही, कळत नाही.

या वादाचा निकाल परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात लागला. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून अशा रुग्णांचे, कोणाच्याही मर्जीवर न सोडता, दोन गट पाडले. एकाच्या ग्रंथी आरंभीच काढल्या, दुसऱ्याच्या गाठ आल्यावर. पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांअखेर पहिल्या गटातील ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातील ६७.५ टक्के, म्हणजे आरंभीच्या शस्त्रक्रियेने दर आठ जणांमागे एकाचा जीव वाचला. शिवाय तेथे वाट पाहणे म्हणजे ठरल्या मुदतीत तज्ज्ञांकडून होणारी तपासणी होती. तरीही गाठ सापडली तेव्हा रोग पुष्कळांत अधिक बळावलेला होता. मग सहा-सहा महिने दवाखान्याची पायरी न चढणाऱ्यांनी 'आम्ही लक्ष ठेवून आहोत' असे कोणत्या आधारावर म्हणावे?

या शस्त्रक्रियेची किंमत मोजावी लागते, हेही खरे. गुंतागुंत ३.६ टक्क्यांऐवजी ६.६ टक्के रुग्णांत आढळली. काहींना हात खांद्याच्या वर उचलणे जड जाते. व्रणाची खोली तीन मिलिमीटरपर्यंतच असेल तर लाभ स्पष्टपणे सिद्ध झालेला नाही. म्हणून ती खोली किती, हे शल्यविशारदाला जरूर विचारावे.

या रोगाविषयी इतरही गैरसमज आहेत. तपासणीसाठी व्रणाचा तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत निराधार असून त्या तुकड्यावाचून निदानच होत नाही. दुखत नाही म्हणून व्रण साधा, हेही चूक. आरंभी तो बहुधा दुखतच नाही आणि तीन आठवड्यांत न भरलेला कोणताही व्रण दाखवलाच पाहिजे. तंबाखू न खाता नुसती सुपारी चघळणाराही सुरक्षित नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात घातले आहे.