अकरा नवांचा भरवसा

१४ मार्च २००६ रोजी ॲमेझॉनने ‘एस-थ्री’ ही सेवा खुली केली. फायली इंटरनेटवरून तिथे ठेवायच्या आणि साठवणीसाठी महिन्याला जीबीमागे तेव्हा १५ सेंट मोजायचे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ईसी-टू’ आली: तासाला १० सेंट दराने सर्व्हर भाड्याने. ती घडवणारे इंजिनीअर दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला बसले होते.

ईसी-टूमध्ये ‘हायपरव्हायझर’ नावाचे सॉफ्टवेअर एका दणकट यंत्राची मेमरी आणि प्रोसेसर अनेकांना वाटून देते. प्रत्येकाला जणू स्वतःचा सर्व्हर मिळतो. निकालाच्या दिवशी पन्नास सर्व्हर लावायचे आणि रात्री पुन्हा दोनच ठेवायचे, हे त्यामुळे जमते.

मला मात्र एस-थ्री जास्त थक्क करते. तिथे फाइलचे तुकडे होतात, गणिताने काढलेले जादा तुकडे त्यांत मिसळतात आणि सगळे वेगवेगळ्या यंत्रांवर विखुरले जातात. डिस्क बिघडणारच, हे आधीच धरलेले असते; काही तुकडे गेले तरी उरलेल्यांवरून फाइल पुन्हा जुळते. टिकाऊपणाचा दावा ९९.९९९९९९९९९ टक्क्यांचा, म्हणजे अकरा नवांचा आहे. एक कोटी फायली ठेवल्या, तर सरासरी दहा हजार वर्षांत एखादी गमवावी लागेल.

फाइल टिकणे आणि हवी तेव्हा मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी व्हर्जिनियातल्या एस-थ्रीवर काम करताना ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने कमांड चुकीची टाइप केली, ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले आणि काही तास असंख्य वेबसाइट अडखळल्या. म्हणूनच, एका ‘रीजन’मध्ये, म्हणजे एका भागातल्या डेटा सेंटरांच्या समूहात, स्वतंत्र वीज आणि नेटवर्क असलेले अनेक ‘झोन’ असले तरी महत्त्वाचे काम एकाच रीजनवर सोडू नये असे जाणकार सांगतात. मुंबईचे रीजन जून २०१६ मध्ये सुरू झाले.

नवशिक्यांनी सर्वांत आधी शिकावी ती सेवा मात्र ‘आयएएम’: कोणाला काय वाचता, बदलता, पुसता येईल ते ठरवणारी. इमारत, वीज, यंत्रे सांभाळणे कंपनीचे काम. परवानग्या ग्राहकाच्या हाती. क्लाउडमधून माहिती फुटल्याच्या कितीतरी घटनांत ‘बकेट’, म्हणजे एस-थ्रीमधली फायलींची पेटी, ग्राहकानेच सर्वांसाठी उघडी ठेवलेली होती. एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटवर सार्वजनिक प्रवेश मुळातच बंद असतो. पण आपणच फाइल पुसली, तर अकरा नऊ कामी येत नाहीत. जुन्या प्रती जपणारे ‘व्हर्जनिंग’ आपल्यालाच सुरू करावे लागते.